न मिळालेला टाइमआउट

बास्केटबॉलचा सामना पाहताना आपली नजर चेंडूवर असते, फार तर शिट्टी तोंडात धरून धावणाऱ्या पंचांवर. मैदानाच्या कडेला टेबलामागे गुणलेखक आणि वेळ मोजणारे बसलेले असतात, त्यांची दखल कोणी घेत नाही. आंतरशालेय स्पर्धांत त्या टेबलावर मीही काही वर्षे बसलो आहे. अटीतटीच्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला दोन्हीकडचे प्रशिक्षक ‘टाइमआउट, टाइमआउट’ म्हणून ओरडू लागले की आपण आधी कोणाचे ऐकले, चेंडू त्या क्षणी जिवंत होता की मृत, हे सांगताना भल्याभल्यांची त्रेधा उडते. अशाच एका टेबलावरच्या गोंधळाने ऑलिंपिकचे सुवर्णपदक इकडचे तिकडे झाले.

साल १९७२, स्थळ म्युनिच. ५ सप्टेंबरला इस्रायली खेळाडूंवर झालेल्या हल्ल्याने स्पर्धेवर आधीच काळी छाया पडली होती. अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांचा अंतिम सामना ९ तारखेच्या रात्री पावणेबाराला सुरू झाला. १९३६ साली बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये आले, तेव्हापासून अमेरिका सलग ६३ सामने जिंकत आली होती. या रात्री मात्र रशियन पुढे होते. उत्तरार्धात एकदा तर दहा गुणांनी. अमेरिकनांनी ते अंतर तोडत तोडत एका गुणावर आणले. अखेरच्या क्षणी अलेक्झांडर बेलोवने टाकलेला चेंडू डग कॉलिन्सने मधेच पळवला, बास्केटकडे झेप घेतली आणि धक्का लागून तो खांबाशी जाऊन आदळला. घड्याळात तीन सेकंद उरले होते. दोन फ्री थ्रो!

आता नियम पाहू. त्या काळच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे टाइमआउट खेळाडूला मागता येत नसे. प्रशिक्षकाने टेबलाकडे मागायचा आणि टेबलाने भोंगा वाजवून पंचांना कळवायचे. दोन थ्रोंच्या मध्ये तो देता येई. दुसरा थ्रो जाळीत पडून खेळ सुरू झाला की संधी गेली. रशियन प्रशिक्षक कोंद्राशिन यांचे म्हणणे, मी वेळेत मागितला होता. कॉलिन्सने पहिला थ्रो टाकला, ४९-४९. दुसऱ्यासाठी तो हात उचलतो तोच टेबलावरून भोंगा वाजला. ब्राझीलचे पंच रेनातो रिगेत्तो यांनी टेबलाकडे एक नजर टाकली, पण खेळ थांबवला नाही. थ्रो आत गेला आणि अमेरिका ५०-४९ अशी प्रथमच पुढे गेली.

रशियनांनी चेंडू आत टाकला, पण त्यांचे प्रशिक्षक टेबलाशी येऊन हुज्जत घालू लागले. घड्याळात एक सेकंद असताना पंचांनी खेळ थांबवला. इथवरचे सारे पंचांच्या अधिकारातले होते. पुढचे नव्हते. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे सरचिटणीस विल्यम जोन्स प्रेक्षकांतून खाली उतरले आणि तीन बोटे वर करून म्हणाले, तीन सेकंद द्या. चालू सामन्यात असा हुकूम देण्याचा अधिकार नियमांनी त्यांना दिलेला नव्हता. पण ज्यांच्या संघटनेने पंच नेमले, त्यांना पंच ‘नाही’ कसे म्हणणार? हेडमास्तर परीक्षा चालू असता वर्गात शिरून ‘आणखी पाच मिनिटे द्या’ म्हणाले, तर पर्यवेक्षक काय करतो ते मला ठाऊक आहे.

पुन्हा चेंडू आत आला. पण घड्याळ अजून नीट लावलेले नव्हते. भोंगा वाजला आणि अमेरिकन नाचू लागले. पुन्हा मैदान रिकामे केले गेले. तिसऱ्या खेपेला इव्हान येदेश्कोसमोर टॉम मॅकमिलन हा सहा फूट अकरा इंचांचा अमेरिकन उभा होता. बल्गेरियाचे पंच अराबाजियान यांनी हाताने काही खूण केली आणि तो मागे सरला. मागे हो असे त्यांनी सांगितल्याचे मॅकमिलनने म्हटले; पंचांनी ते नाकारले. येदेश्कोने या टोकापासून त्या टोकापर्यंत चेंडू फेकला, दोन अमेरिकनांच्या मधून बेलोवने तो झेलला आणि जाळीत टाकला. ५१-५०. ज्याच्या हातून चेंडू निसटला होता, त्याच्याच हातून सामना जिंकला गेला. हा बेलोव पुढे १९७८ साली, अवघ्या सव्विसाव्या वर्षी वारला.

शीतयुद्धाच्या त्या दिवसांत याला राजकीय रंग चढणारच. तक्रार ऐकणाऱ्या पाच जणांच्या समितीत हंगेरी, पोलंड, क्यूबा, इटली आणि पोर्टो रिको यांचे सदस्य होते. निकाल तीन विरुद्ध दोन असा लागला आणि कोणी कोणीकडे मत दिले असेल याचा हिशेब जगाने तिथल्या तिथे मांडला. मला मात्र रशियनांची मूळ तक्रार खोटी वाटत नाही. भोंगा वाजला होता, म्हणजे टेबलावर कोणाला तरी मागणी कळली होती. पंचांनी तेव्हाच शिट्टी मारली असती तर कॉलिन्सचा दुसरा थ्रो शांतपणे झाला असता आणि जोन्ससाहेबांना खुर्चीवरून उठावेच लागले नसते. टेबलाची चूक दुरुस्त करायला टेबलाबाहेरचा माणूस आला, आणि खऱ्या मागणीवरही कायमचा संशय बसला.

रिगेत्तो यांनी गुणपत्रकावर सही करायला नकार दिला. अमेरिकेच्या बाराही खेळाडूंनी रौप्यपदके घेतली नाहीत. केनी डेव्हिस याने तर आपल्या पश्चात घरच्यांनीही ते पदक स्वीकारू नये, असे मृत्युपत्रातच लिहून ठेवले.