बट्टा लागलेला रुपया

'त्यानं घराण्याच्या नावाला बट्टा लावला' असं आपण सहज म्हणतो. वर्गात वाक्प्रचार शिकवताना मी मुलांना 'बट्टा लागणे म्हणजे कलंक लागणे' असा अर्थ फळ्यावर लिहून देत असे. पण हा बट्टा मुळात नावाला नव्हता, नाण्याला होता. नाणं जुनं झालं, झिजलं किंवा परक्या टाकसाळीचं निघालं की सराफ त्याच्या किमतीतून जी रक्कम कापून घेई, तिला बट्टा म्हणत. 'वाजवून घेणे', 'खणखणीत नाणे', 'पारख', 'कसोटीला उतरणे' हे शब्दही सगळे त्याच दुकानातून आपल्या भाषेत आलेले आहेत.

जुने चांदीचे रुपये हातात घेऊन पाहिले, तर पुष्कळदा त्यांवर बारीक खुणा दिसतात. कुठे चांदणी, कुठे फूल, कुठे चंद्रकोर, कुठे नुसताच टिंबासारखा खड्डा. फारसी अक्षरांशी त्यांचा काही संबंध नसतो. या आहेत सराफांच्या खुणा. रुपया हाती आला की सराफ तो वाजवून बघे, तोलून बघे, आणि तरी शंका राहिली तर लहानसा ठसा ठोकून आत खरंच चांदी आहे का, की तांब्यावर चांदीचा मुलामा आहे, हे पाही. ही त्याची सही. पुढच्या माणसाला त्यातून कळे की हे नाणं अमक्यानं पारखलेलं आहे. आपल्याकडे गावगाड्यातही नाणी पारखणारा वतनदार असे, तो पोतदार. बहुधा तो सोनार असायचा. ज्यांचं आडनाव पोतदार आहे त्यांनी आपले पूर्वज काय करत असतील याचा अंदाज बांधावा!

नाण्यावरचा प्रत्येक डाग मात्र सराफाचा नसतो. ओळखण्याची एक सोपी रीत आहे. खूण उठावाची आहे की खोल, हे आधी पाहावं. ठशालाच तडा गेला असेल तर धातू त्या फटीत शिरतो आणि नाण्यावर उंचवट्याची रेघ येते. म्हणजे तो टाकसाळीतला दोष. ओरखडा किंवा ठोकलेली खूण नेहमी खोल असते, ती नाणं बाहेर पडल्यानंतरची. जुन्या रुपयावर अक्षरं अर्धवट दिसतात, त्याचं कारण वेगळंच आहे. ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान, त्यामुळे सगळा मजकूर तिच्यावर मावतच नसे. काही वेळा हातोड्याचा घाव दोनदा पडून अक्षरं दुहेरी उमटत.

खुणांची ही गोष्ट मोगलांच्याही फार मागे जाते. आपली सर्वांत जुनी चांदीची नाणी म्हणजे आहत नाणी, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची. त्यांवर राजाचं नाव नाही, चेहरा नाही. सूर्य, हत्ती, डोंगर अशी चिन्हं ठोकलेली असतात. पुष्कळ नाण्यांच्या मागच्या बाजूला आणखी बारीक खुणा असतात. त्यांचं कोडं हातात घेतलं ते मूळच्या गोव्याच्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी. ते गणिती, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत. त्यांनी आधी चलनातली हजारो नाणी तोलून नाणं वापरानं कसं झिजतं याचा हिशेब बसवला, मग तक्षशिलेच्या साठ्यातली नाणी तोलली. मागच्या खुणा जितक्या जास्त, तितकं सरासरी वजन कमी भरलं! यावरून त्यांनी असं मांडलं की व्यापाऱ्यांच्या श्रेणी ठरावीक काळानं नाणी तपासून त्यांवर खूण करत असाव्यात. त्यांची सगळीच मतं सर्व विद्वानांना पटली असं नाही. पण ज्या ठिपक्यांकडे कोणी फारसं बघत नव्हतं, त्यांत त्यांनी काळ मोजण्याचं साधन पाहिलं, हे मला फार मोठं वाटतं.

दुसरं उदाहरण आपल्या नाशिकजवळचं. १९०६ साली जोगळटेंभी इथे क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३,००० हून अधिक नाण्यांचा. त्यांतल्या जवळपास दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपली चिन्हं पुन्हा ठोकलेली होती. नहपानाच्या चेहऱ्यावरच सातवाहनांचा डोंगर! खालचा चेहरा काही नाण्यांवर अजूनही अर्धा दिसतो. गौतमीपुत्रानं क्षहरात वंशाचा नायनाट केला असं नाशिकच्या लेण्यातला शिलालेख सांगतो. लेखात स्तुती असणारच, पण ही नाणी साक्षीदार म्हणून उभी राहिली. कुणी ती 'स्वच्छ' करून एकसारखी केली असती तर साक्ष गेली असती.

सराफाच्या खुणेला दुसरी बाजूही आहे. खुणेनं नाण्याची खात्री पटे खरी, पण ठोकून ठोकून नाणं विद्रूप होई, आणि मग त्याच कारणानं बट्टा बसे. मोगलांच्या काळात नव्या वर्षाचा रुपया 'सिक्का' म्हणून पुऱ्या किमतीला चाले, जुन्या वर्षांचा 'चलनी' होऊन त्याचा भाव उतरे. पेशवाईत अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे किती रुपये, आणि प्रत्येकाचा दर निराळा. सारा भरायला आलेल्या कुणब्याला यातलं काय कळणार? रुपया त्याच्या घामाचा, पण तो किती आण्यांचा हे ठरवणार गादीवर बसलेला माणूस. त्या लहानशा चांदणीत विश्वास आहे तशी ही लाचारीही आहे. इतिहास शिकताना आपण टाकसाळ कुणाची ते पाठ करतो, बट्टा कुणी भरला ते विचारत नाही.

कंपनी सरकारनं बंगालमध्ये यावर गमतीदार तोडगा काढला. शाह आलम बादशहाचं १९ वं राज्यवर्ष रुपयावर कायमचं गोठवून टाकलं. वर्ष बदलतच नाही म्हटल्यावर नाणं जुनं कसं होणार? पुढे १८३५ च्या कायद्यानं कंपनीच्या मुलुखात १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया आला, यंत्रावर पाडलेला. लोक त्याला कलदार म्हणू लागले. कल म्हणजे यंत्र. त्याच्या काठावर दाते असल्यामुळे कडा तासून चांदी चोरली तर लगेच दिसे. सराफाच्या ठशाचं काम हळूहळू संपलं.

आमच्या घरात असा एक खुणांचा रुपया आहे, त्यावर पाच ठसे आहेत. अलीकडे एका दुकानदारानं तो खराब ठरवला आणि पॉलिश करून आणा, खड्डे भरून घ्या, असा सल्ला दिला. घरातल्या मुलांनाही ते पटलं आहे, म्हणून हे त्यांच्यासाठीही लिहिते. बाजारात अशा नाण्याला सहसा कमी पैसे मिळतात हे खरं आहे. पण बाळांनो, चिंच लावून, राख लावून, पावडरीनं, कशानंही तो घासू नका. घासलेल्या नाण्याची किंमत जाणकारांच्या लेखी आणखी उतरते, आणि वरचा थर गेला की तो परत येत नाही. हा रुपया निदान पाच वेळा संशयानं पाहिला गेला आणि पाचही वेळा खरा निघाला. एवढी परीक्षा दिलेलं दुसरं काही आपल्या घरात आहे का, ते शोधा.

असो. तुमच्यापैकी कुणाच्या देवघरात, पुतळीमाळेत किंवा आजीच्या डब्यात असा एखादा रुपया असेल, तर भिंग घेऊन उन्हात बसा. खुणा मोजा, खोल आहेत की उठावाच्या ते बघा, आणि काय दिसलं ते मला जरूर कळवा.