दोन स्वरांमधली रेघ

जुन्या संगीत नाटकाचं छापील पुस्तक उघडलं, की पदाच्या डोक्यावर राग आणि ताल लिहिलेला असतो, नाहीतर 'चाल' म्हणून दुसऱ्या एखाद्या पदाचं नाव. १८८० साली 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आलं त्या काळात वाचकाला एवढं पुरत असे. चाल त्याच्या कानात आधीच असायची. आमच्या मंडणगड भागात जाखडीच्या आणि नमनाच्या वह्याही अशाच भरतात. पानावर शब्द, डोक्यावर चालीची खूण. प्रोग्रॅमरच्या भाषेत सांगायचं तर हा पॉइंटर आहे. माहिती तिथे नाही, माहितीचा पत्ता आहे. त्या पत्त्यावर राहणारा माणूस गेला, की वही असूनही गाणं जातं.

हा धोका मुंबईच्या एका वकिलाने फार गांभीर्याने घेतला. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी घराण्यांकडून शेकडो बंदिशी मिळवल्या आणि 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांत त्या स्वरलिपीसह छापल्या. खुणा मोजक्याच होत्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली टिंब, तार स्वरावर टिंब. लिहायला सोप्या, छापायलाही सोप्या. त्याच काळात कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांनी आपली वेगळी लिपी केली. तिच्यात मात्रांचे अंश अधिक बारकाईने दाखवता येत, पण शिकायला ती अवघड. गंमत म्हणजे तिच्यात स्वरावरचं टिंब मंद्र सप्तक दाखवतं, म्हणजे भातखंड्यांच्या नेमकं उलट. आज बहुतेक ठिकाणी भातखंडे लिपीच दिसते. तिच्या प्रसारामागे त्यांच्या संस्था आणि पुस्तकं होतीच, पण ती हाताळायला सोपी होती हेही कारण आहे. जे साधन सोपं ते टिकतं, आणि त्यात जे मावत नाही ते हळूहळू दिसेनासं होतं.

मावत नव्हती ती मींड. भातखंडे लिपीत दोन स्वरांवर कमान काढली की मींड झाली. पण आवाज सावकाश निघाला की झटकन, मध्ये कुठे रेंगाळला, हे ती कमान सांगत नाही. दरबारीचा आंदोलित गंधार आणि भीमपलासचा गंधार कागदावर सारखेच, 'ग'खाली एक रेघ. बाकीचं गुरूने सांगायचं. भातखंड्यांच्या काळात हा करार चालण्यासारखा होता, कारण पुस्तकाशेजारी गुरू बसलेला असे.

यावर दुसरा उपाय होता बटणं वाढवण्याचा. कृष्णाजी बल्लाळ देवल या निवृत्त डेप्युटी कलेक्टरांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं आणि ई. क्लेमंट्स या आयसीएस अधिकाऱ्याच्या साथीने श्रुती-हार्मोनियम घडवली. सप्तकात बारा पट्ट्या कमी पडतात ना, मग बावीस घ्या. पण बावीस पट्ट्या म्हणजे बावीस पायऱ्याच. मींड हा उतार आहे, आणि पायऱ्या वाढवून उतार होत नाही. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती तीसेक वर्षं टिकली. तेव्हाच्या आक्षेपांमध्ये हाही एक होता.

अशा वेळी १९८३ मध्ये मिडी हे मानक आलं आणि संगणकाने संगीताचा नमुना म्हणून नेमका पट्ट्यांचा कीबोर्ड उचलला. स्वर म्हणजे ० ते १२७ मधला एक आकडा, पट्टी दाबली आणि सोडली. स्वर वाकवण्यासाठी 'पिच बेंड' हा वेगळा संदेश. त्यात १६,३८४ टप्पे आहेत, म्हणजे बारकाव्याची कमतरता नाही. अडचण जागेची आहे. तो संदेश स्वराचा नसतो, अख्ख्या चॅनलचा असतो. म्हणून अनेक सॉफ्टवेअरमध्ये वर चौकोनी ठोकळे म्हणजे स्वर, आणि वाकण्याची रेघ खाली वेगळ्या पट्टीत. ठोकळा सरकवला आणि रेघ सोबत न्यायला विसरलं, की मींड भलत्याच स्वरावर पडते. प्रत्येक स्वराला स्वतःचं वाकणं देणारं 'एमपीई' मानक २०१८ मध्ये आलं, पस्तीस वर्षांनी.

उतार दाखवणं अशक्य नाही, हे मुंबईतच सिद्ध झालेलं आहे. एनसीपीएमध्ये सुवर्णलता राव आणि विम व्हॅन डर मीर यांनी 'ऑट्रिम' प्रकल्पात गायनाचे आलेख तयार केले. गाणं ऐकताना स्वराची रेषा डोळ्यांसमोर सरकते. गंधार तिथे ठोकळा नसतो, झुलणारी लाट असते. पण तो आलेख बघण्यासाठी आहे, त्यात बोट घालून लाट बदलता येत नाही.

टचस्क्रीनमुळे हे आता जमू शकतं. मींड बोटाने ओढावी इतकी सहज गोष्ट दुसरी नाही, सतारवादक तेच करतो. तरी आपण बोटाने रेघ ओढतो आणि सॉफ्टवेअर ती जवळच्या पट्टीला चिकटवून टाकतं. माझ्या मते बदल साधे आहेत. मींड ही दोन स्वरांना बांधलेली वस्तू असावी, स्वर हलला की तीही हलावी. बोटाखाली स्वर झाकला जातो, म्हणून ओढायची मूठ थोडी बाजूला असावी. षड्ज गाणाऱ्याने ठरवावा, चिकटणं मागितलं तरच मिळावं. आणि दाबून धरल्यावर निवड व्हावी ती मुखड्यासकट. मुखडा समेच्या आधीच सुरू होतो, समेवर कात्री लावली तर त्याचं मुंडकं उडतं.

हे केवळ मैफलीच्या संगीतासाठी नाही. शिमग्यात नमन रंगतं तेव्हा आता वहीऐवजी फोन पुढे येतो. रेकॉर्डिंग आहे तसं राहील, पण त्यावर नवी चाल बांधू पाहणारा पोरगा ती अ‍ॅपमध्ये उतरवेल, आणि अ‍ॅप जे स्वर देईल तेच पुढच्या वर्षी गायले जातील. भातखंड्यांच्या पुस्तकाशेजारी चूक सुधारायला गुरू होता. फोनशेजारी बहुतेक वेळा कुणी नसतं. म्हणून दोन स्वरांमधल्या रेघेची जबाबदारी आता ते अ‍ॅप लिहिणाऱ्यांवर येऊन पडली आहे.