एका गोळीचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्याला लढाया, तह आणि सनावळ्या आठवतात. आम्ही मास्तरमंडळी वर्गात तेच घोकून घेतो. पण एखाद्या चिमूटभर गोळीलाही इतिहास असतो, आणि तो घरोघरच्या लेकीसुनांच्या कामाचा असतो. अशाच एका गोळीची हकीकत आज सांगावयाची आहे.

दुसरे महायुद्ध संपून बारा वर्षे झाली होती. त्या काळी झोपेसाठी ज्या गोळ्या मिळत, त्या जास्त घेतल्या गेल्या तर माणूस दगावत असे. तेव्हा १ ऑक्टोबर १९५७ रोजी पश्चिम जर्मनीतील ग्रुनेन्थाल कंपनीने ‘कॉन्टरगॅन’ या नावाने एक नवी गोळी विक्रीस आणली. औषधाचे मूळ नाव थॅलिडोमाइड. उंदरांना मोठमोठ्या मात्रा दिल्या तरी ते मरत नसत. तेवढ्यावरून ती अगदी निर्धोक समजली गेली आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून दुकानात मिळू लागली. झोप नाही, घ्या गोळी. जीव घाबरा होतो, घ्या गोळी. पुढे गरोदर बायकांच्या कोरड्या उलट्यांवरही ती देऊ लागले. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा अनेक देशांत ती निरनिराळ्या नावांनी पोचली. पोटातल्या जीवावर तिचा काय परिणाम होतो, हे मात्र कोणी नीट तपासले नव्हते. आईच्या पोटात मूल सुरक्षित असते, वारेच्या आडोशाला औषधाची बाधा पोचत नाही, असा पुष्कळ डॉक्टरांचाही समज होता.

आणि मग हात-पाय न वाढलेली मुले जन्मू लागली. काहींचे पंजे थेट खांद्याला चिकटलेले, काहींना कान नाहीत. हॅम्बुर्गचे बालरोगतज्ज्ञ डॉ. विडुकिंड लेन्झ यांनी १९६१ साली कारण शोधावयास घेतले. ते एकेका आईला भेटून विचारू लागले. प्रथम थोड्याच जणींनी या गोळीचे नाव घेतले. पण लेन्झ यांनी तिच्याविषयी नेमके विचारले, तेव्हा आणखी कितीतरी जणींना ती आठवली. इतक्या साध्या गोळीचे काय सांगायचे, असे त्यांना वाटले होते! लेन्झ यांनी नोव्हेंबरात कंपनीला इशारा दिला, बालरोगतज्ज्ञांच्या सभेत तो बोलून दाखविला, वर्तमानपत्रात बातमी आली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस कंपनीने गोळी मागे घेतली. ऑस्ट्रेलियात डॉ. विल्यम मॅकब्राइड यांनीही स्वतंत्रपणे हाच संशय मांडला होता. तोवर जगभर दहा हजारांहून अधिक मुले बाधित झाली होती. कित्येक तर जन्मानंतर लवकरच दगावली.

अमेरिका मात्र बरीचशी वाचली. तेथील औषध खात्यात डॉ. फ्रान्सिस केल्सी नावाच्या बाई १९६० साली रुजू झाल्या होत्या. महायुद्धाच्या काळात त्यांनी हिवतापावरील कोयनेलचा सशांवर अभ्यास केला होता. मोठा ससा कोयनेल पचवतो, पण पोटातल्या पिलाला ते साधत नाही, हे त्यांनी पाहिले होते. या गोळीने मोठ्या माणसांच्या मज्जातंतूंना इजा होते, असे एका ब्रिटिश डॉक्टरचे पत्र त्यांच्या वाचनात आले. मग गर्भाचे काय, असा प्रश्न त्यांनी कंपनीला केला. कंपनीने तगादा लावला, वरिष्ठांकडे तक्रारी केल्या. पण पुरावा नाही तर परवानगी नाही, यावरून बाई हलल्या नाहीत. १९६२ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी त्यांचा गौरव केला आणि ऑक्टोबरात औषधांचा नवा, कडक कायदा झाला.

आता ही गोष्ट ध्यानात घ्या. या गोळीचा घात गर्भ राहिल्यापासून सुमारे विसाव्या ते छत्तिसाव्या दिवसांत होई. म्हणजे बाईला दिवस गेल्याचे धड कळते न कळते, तोच! म्हणून ज्या बाईला फिट्स, मनाचा आजार किंवा जुनाट दुखणे यांसाठी रोज औषध चालू आहे, तिने मूल होऊ देण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारलेले बरे.

असे औषध केवळ थॅलिडोमाइडच नव्हे. फिट्सवर आणि मनाच्या काही आजारांवर दिले जाणारे व्हॅल्प्रोएट घ्या. त्याने बाळाच्या पाठीच्या कण्यात दोष राहतो, हे १९८२ मध्ये फ्रान्समधील लिऑन शहरी दिसून आले. आज असे सांगतात की, गर्भारपणी हे औषध घेतलेल्या शंभर आयांपैकी सुमारे दहांच्या बाळांत मोठे व्यंग आढळते. एरवी हे प्रमाण दोन-तीन असते. अंगदुखीवर सर्रास घेतली जाणारी आयब्युप्रोफेन विसाव्या आठवड्यानंतर बाळाच्या मूत्रपिंडाला बाधते, असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्याने २०२० मध्ये दिला.

पण यावरून सगळीच औषधे टाकून द्यावीत, असा अर्थ कोणी काढू नये. तेही तितकेच घातक आहे. फिट्सची गोळी एकाएकी सोडली तर आकडी येऊन आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतते. खिन्नतेचा आजार अंगावर काढला तर बाई जेवत नाही, झोपत नाही, कधी जिवाचे बरेवाईटही करून घेते. मनाच्या आजारावरील कित्येक औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली गरोदरपणातही चालू ठेवता येतात. काहींची मात्रा बदलतात, काहींच्या जागी दुसरे औषध देतात. तो निर्णय ज्याचा त्याने करावयाचा नाही. सासूने नाही, शेजारणीने नाही आणि दुकानदारानेही नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, गावात चार माणसे तुमचे ऐकतात. पालकांच्या सभेत एवढे जरूर सांगा: गरोदर बाईने दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत. डोकेदुखीची, झोपेची, वैद्याने दिलेली पुडीसुद्धा. ‘ही साधीच आहे’ म्हणून एकही मागे ठेवू नये. जर्मनीतल्या त्या आयांनाही ती गोळी साधीच वाटली होती.