वही, कथा आणि डीएनए : हरवलेल्या पूर्वजांचा शोध

सुरत शहराच्या उधना आणि लिंबायत या भागांना लागून असलेल्या डिंडोलीत मराठी आणि अहिराणी बोलणारी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. कापडाच्या धंद्याने दिलेल्या रोजगाराच्या ओढीने जळगाव, धुळे, नंदुरबार या भागांतून तापीखोऱ्यातील लोहमार्गाने ही माणसे इकडे आली. त्यांच्यातील एखाद्या वृद्धास पूर्वजांविषयी विचारले, तर आजा-पणजांची नावे, मूळ गाव, कुळ आणि कुलदैवत एवढे बहुधा सांगता येते. त्यापलीकडे जायचे, तर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या किंवा वंशावळी राखणारे भाट यांचाच आधार. गुजरातेत हे काम वहीवंचा बारोट करीत आले. या वह्यांचे मोल मोठे आहे. तथापि त्यांतील नोंदी प्रामुख्याने पुरुषांच्या, आणि तीर्थयात्रेची ऐपत असलेल्या घरांच्या. सुनांची माहेरे आणि गरिबांची घराणी त्यांत सहसा सापडत नाहीत. ज्यांची वहीच नाही, त्यांचा इतिहास कशावरून लिहायचा, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. आयर्लंडमध्ये ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिनमधील सार्वजनिक दप्तरखाना आगीत नष्ट झाला आणि शतकानुशतकांची कागदपत्रे गेली. १८२१ ते १८५१ या काळातील जनगणनेची बहुतेक पत्रके त्यात जळाली. १८६१ ते १८९१ या काळातील पत्रके तर सरकारी आदेशांनीच आधी नष्ट झाली होती. संपूर्ण बेटाची जुन्यात जुनी जनगणना आज उपलब्ध आहे ती १९०१ ची. दुष्काळात देशोधडीला लागून अमेरिका, ऑस्ट्रेलियात गेलेल्यांचे वंशज त्यामुळे आता डीएनए चाचणीकडे वळतात. कागद जळाला तरी शरीरात काही खुणा राहतात, ही त्यांची आशा आहे.

ती आशा कितपत सार्थ आहे, हे समजून घेतले पाहिजे. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते. पेशीतील तंतुकणिकांचा डीएनए आईकडून सर्व अपत्यांकडे येतो. या दोन सरळ रेषा फार मागे नेतात, पण प्रत्येक रेषा एकेकाच पूर्वजाची असते. दहा पिढ्या मागे गेले तर आपल्या वंशवृक्षात १०२४ स्थाने असतात. त्यांपैकी एक पितृरेषेचे, एक मातृरेषेचे, आणि उरलेल्या १०२२ विषयी या दोन्ही चाचण्या मौन बाळगतात. उरलेला डीएनए आईबापांकडून निम्मा-निम्मा येतो; तो प्रत्येक पिढीत विरत जातो आणि पाच-सहा पिढ्यांनंतर एखाद्या विशिष्ट पूर्वजाचा त्यातील अंश सापडेलच, अशी खात्री उरत नाही. शिवाय जुळणी होते ती चाचणी केलेल्या इतरांशी. ज्यांचे नातलग चाचणी करीत नाहीत, त्यांच्या हाती फारसे लागत नाही. भारतात आणखी एक अडचण आहे. पिढ्यान्‌पिढ्या जातीतल्या जातीत लग्ने झाल्याने दूरचे नातलगही कागदावर जवळचे भासतात. डिंडोलीतील एखाद्याला सहाव्या पिढीतील पूर्वजाचे नाव या चाचणीतून मिळेल, ही अपेक्षा म्हणून फोल आहे.

मग या विद्येचा उपयोग तरी काय? त्याचे उत्तर मराठी भाषकांच्याच एका समाजाने दिले आहे, तो म्हणजे कोकणातील बेने इस्राएल. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. तेल गाळणे हा व्यवसाय, आणि शनिवारी घाणा बंद. म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. नवगावकर, पेझारकर, दिवेकर ही त्यांची आडनावे गावांची साक्ष देतात. हिब्रू ग्रंथ जवळ नसताना त्यांनी शब्बाथ, सुंता आणि 'शेमा' ही प्रार्थना जपली. मुंबईत सामुएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले. परंतु जहाजाची तारीख सांगणारा एकही लेख नाही. कोणी इसवी सनापूर्वीचा काळ सांगतो, कोणी त्यानंतरचा.

१९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. तेथे १९६० च्या दशकाच्या आरंभी मुख्य धर्मपीठाने त्यांच्या विवाहांसंबंधी मातृवंशाची चौकशी आवश्यक ठरवली. शतकानुशतके शनिवार पाळणाऱ्यांना आपले ज्यूपण सिद्ध करावे लागले. समाजाने निदर्शने केली, आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने त्यांची बाजू घेतली. त्या वेळी कोणाच्याही हाती जनुकीय चाचणी नव्हती. निर्णय झाला तो त्यांच्या निर्धारामुळे आणि न्यायाच्या जाणिवेमुळे.

पुढे अर्धशतकाने विज्ञानाने आपले म्हणणे मांडले. येडाएल वाल्डमन व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १८ बेने इस्राएल व्यक्तींच्या जनुकांची तुलना अन्य ज्यू, भारतीय व पाकिस्तानी समाजांतील ४८६ नमुन्यांशी केली. ज्यू आणि भारतीय, दोन्ही वारसे त्यांत भरीव प्रमाणात आढळले. हा संकर गेल्या सहस्रकात, सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाला. त्यात पुरुषांकडून ज्यू अंश अधिक आला, तर स्त्रियांकडून स्थानिक अंश अधिक आला. येथे सावध राहावे लागते. संकराचा काळ म्हणजे आगमनाचा काळ नव्हे. जहाज त्याआधीही आलेले असू शकते. सात जोडप्यांची कथा अक्षरशः सिद्ध झाली असे नाही. पण पश्चिमेकडून आलेल्या मोजक्या लोकांची स्मृती निराधार नव्हती, एवढे निश्चित झाले. आणि कथेत ज्यांना स्थान नव्हते, त्या कोकणातील स्त्रियाही प्रथमच इतिहासात आल्या.

सुरतेच्या वाचकांना याचे प्रतिबिंब आणखी जवळ सापडेल. दक्षिण गुजरातेतील संजाण हे पारशांच्या आगमनाचे परंपरेने मानलेले स्थळ. नवसारीच्या बहमन कैकोबाद यांनी सुमारे १६०० मध्ये लिहिलेल्या 'किस्से-संजाण'मध्ये त्याची कथा आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संजाण येथील जुन्या दख्म्यातील अवशेषांचा डीएनए तपासण्यात आला. त्यातील मातृवंशीय धाग्यांपैकी ४८ टक्के दक्षिण आशियाई होते. इराणातून आलेल्यांच्या घरांत येथील स्त्रिया आल्या, असा त्याचा अर्थ संशोधकांनी काढला. बेने इस्राएल आणि पारशी हे दोन्ही समाज आपापल्या शुद्धतेसाठी जाणले गेले, आणि दोघांच्याही मुळाशी येथील माती निघाली.

या दोन उदाहरणांतून निष्कर्ष असा निघतो की, डीएनए समूहाचा इतिहास सांगतो, घराण्याचा फारच थोडा. तो वहीची जागा घेत नाही. वहीने वगळलेल्यांकडे, विशेषतः मातृवंशाकडे, बोट दाखवतो. कोण आपला आणि कोण परका हे मात्र त्याने ठरवू नये. १९६४ मध्ये जे माणसांनी माणुसकीने ठरवले, ते उद्या प्रयोगशाळेच्या अहवालावर सोपवले गेले, तर धर्मपीठाच्या चौकशीचीच ती नवी आवृत्ती होईल.

म्हणून डिंडोलीतील कुटुंबांनी चाचणी करावी की न करावी, हा दुय्यम प्रश्न आहे. त्याआधी करावयाचे काम साधे आहे. आज हयात असलेल्या आज्यांना त्यांचे, त्यांच्या आईचे आणि त्या आईच्या आईचे माहेर विचारून लिहून ठेवावे. लाळेचा नमुना उद्याही देता येईल. आजीची आठवण उद्यापर्यंत थांबेल, याची हमी कोणी देऊ शकत नाही.