मनोविकार, व्यसन आणि कुटुंब

प्रौढ मुलगा वा मुलगी स्किझोफ्रेनियासारख्या तीव्र मनोविकाराने आणि त्याबरोबरच दारूच्या व्यसनाने ग्रस्त झाली, की आईवडील लोकलज्जेस्तव घराचे दार लावून घेतात. हे दोन्ही आजार आहेत. ती देवाची शिक्षा नव्हे, असे आम्ही नम्रपणे सांगू इच्छितो. एक आजार दुसऱ्याला बळ देतो, म्हणून दोहोंवर एकत्र उपचार करावेत. प्रार्थना अवश्य करावी. मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याविना औषधे थांबवू नयेत. अतिमद्यपान करणाऱ्याची दारू एकाएकी तोडल्यास झटके येऊ शकतात. ती वैद्यकीय देखरेखीखालीच सोडवावी. व्यसनासाठी पैसे नाकारणे म्हणजे प्रेम नाकारणे नव्हे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शासकीय उपचारांचा हक्क दिला आहे. २०२२ साली सुरू झालेली ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र मोफत सल्ला देते. व्यसनी व्यक्तींच्या कुटुंबीयांसाठी १९५१ पासून ‘अल-अनॉन’ हे स्वमदत गट आहेत.

बेल्जियममधील गील येथे संत डिम्फना यांच्या मध्यस्थीसाठी येणाऱ्या मनोरुग्णांना ग्रामस्थांनी शतकानुशतके आपल्या घरांत आसरा दिला. आपल्या धर्मग्रामातील अशा कुटुंबाचे बंद दार आपण ठोठावणार का?