अंगठीच्या आधीची कथा : 'मिडल-अर्थ'च्या प्राचीन इतिहासाचा वेध

जे. आर. आर. टॉल्किन यांची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कादंबरी वाचताना एक गोष्ट वाचकाला सतत जाणवत राहते. कथानायक ज्या वाटांवरून चालतात, त्यांच्या दुतर्फा कुठल्यातरी लयाला गेलेल्या राज्यांचे भग्नावशेष उभे असतात. मुक्कामाच्या रात्री कुणीतरी एखादे जुने गीत गातो. त्यात एखाद्या विस्मृत राजाचे नाव येते आणि कथा पुढे सरकते. हा राजा कोण, ते राज्य का बुडाले, याचे उत्तर मिळतेच असे नाही. मात्र या सर्वांमागे हजारो वर्षांचा इतिहास उभा आहे, ही खात्री मनात रुजते.

ही खात्री म्हणजे केवळ लेखनकौशल्याने निर्माण केलेला आभास नव्हे. अंगठीची कथा लिहिली जाण्यापूर्वी जवळपास वीस वर्षे टॉल्किन हा इतिहास लिहीत होते. पीटर जॅक्सन यांच्या २००१ ते २००३ या काळातील तीन चित्रपटांमुळे 'मिडल-अर्थ'शी परिचय झालेले अनेक वाचक पुढे या जुन्या इतिहासाकडे वळले. त्यांच्यासमोर एक विस्तीर्ण, गुंतागुंतीचे आणि बरेचसे अपूर्ण असे ग्रंथविश्व उभे राहते.

खंदकातून आलेल्या कथा

टॉल्किन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे झाला. पहिल्या महायुद्धात १९१६ साली ते फ्रान्समधील सोमच्या आघाडीवर होते. तेथे खंदकज्वराने आजारी पडल्याने त्यांना इंग्लंडला परत पाठविण्यात आले. या आजारपणाच्या काळात, १९१६-१७ च्या सुमारास, त्यांनी 'गोंडोलिनचे पतन' ही कथा लिहिली. पर्वतांच्या कड्यात दडलेले एल्फ लोकांचे एक नगर फितुरीमुळे शत्रूच्या हाती पडते, अशी ही कथा. युद्धातून नुकत्याच परतलेल्या तरुणाने ती लिहिली आहे, हे तिच्यातील लढाईच्या वर्णनातून लपत नाही.

त्यानंतर यॉर्कशायरमधील रूस या गावाजवळ पत्नी एडिथ रानफुलांत नाचत असलेली त्यांनी पाहिली. त्या प्रसंगातून मर्त्य मानव बेरेन आणि एल्फ राजकन्या लूथिएन यांची प्रेमकथा जन्माला आली. ऑक्सफर्डजवळील वुल्व्हरकोट येथे या पती-पत्नीच्या समाधीशिळेवर त्यांच्या नावांखाली 'लूथिएन' आणि 'बेरेन' ही नावे कोरलेली आहेत.

या कथांना आणखी एक आधार होता, तो भाषांचा. टॉल्किन हे ऑक्सफर्ड विद्यापीठात प्राचीन इंग्रजीचे प्राध्यापक होते. फिनिश भाषेच्या मोहिनीतून त्यांनी 'क्वेन्या' आणि वेल्श भाषेच्या धर्तीवर 'सिंडारिन' या भाषा रचल्या. भाषा असेल तर ती बोलणारे लोक हवेत आणि लोक असतील तर त्यांना इतिहास हवा, असा हा क्रम होता.

प्रकाशकाचा नकार

'द हॉबिट' हे बालवाचकांसाठी लिहिलेले पुस्तक सप्टेंबर १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि लोकप्रिय ठरले. प्रकाशकांनी नवे लेखन मागताच टॉल्किन यांनी त्याच वर्षी आपल्या प्राचीन कथांचे बाड त्यांच्या स्वाधीन केले. प्रकाशकांना मात्र हॉबिटांविषयी आणखी काही हवे होते. निरुपायाने टॉल्किन यांनी डिसेंबर १९३७ मध्ये नवी कथा सुरू केली. तीच पुढे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' झाली आणि १९५४-५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली. आपला प्राचीन इतिहास याच कादंबरीबरोबर छापला जावा, यासाठी त्यांनी मध्यंतरी दुसऱ्या प्रकाशकाशीही बोलणी केली होती. ती फिसकटली.

नाकारलेला हा इतिहास नव्या कथेत मात्र पाझरत राहिला. सॉरॉन हा मुळात मॉर्गथ या आदिशत्रूचा सेनापती. फ्रोडोला दंश करणारी कोळीण शेलॉब ही प्रकाश गिळणाऱ्या उंगोलियंटची संतती. गॅलाड्रिएलने फ्रोडोला दिलेल्या कुपीतील तेज हे सिल्मरिल या दिव्य रत्नाचे. मॉर्डॉरच्या सीमेवरील जिने चढताना सॅमच्या मनात येते की, बेरेनने मिळविलेल्या त्याच रत्नाचा प्रकाश आपल्या हाती आहे, म्हणजे ती जुनी कथा अद्याप संपलेली नाही. प्राचीन इतिहास वाचलेल्या वाचकाला हा प्रसंग वेगळाच दिसतो.

पुत्राने पूर्ण केलेला ग्रंथ

टॉल्किन यांचे २ सप्टेंबर १९७३ रोजी निधन झाले. मागे राहिली ती कागदांची रास. एकाच कथेचे अनेक पाठ, अर्धवट सोडलेली काव्ये, परस्परांशी न जुळणाऱ्या वंशावळी. ही जबाबदारी तृतीय पुत्र ख्रिस्तोफर यांच्याकडे आली. लहानपणी वडिलांनी सांगितलेल्या कथेत दाराचा रंग बदलला, तरी तो त्यांना खटकत असे. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलातर्फे दक्षिण आफ्रिकेत असताना वडील त्यांना कादंबरीची प्रकरणे टपालाने पाठवीत. पुढे कादंबरीचे नकाशेही त्यांनीच रेखाटले. वडिलांच्या कागदांसाठी त्यांनी ऑक्सफर्डमधील अध्यापनाची नोकरी सोडली.

कॅनडाचे तरुण लेखक गाय गॅव्हरिएल के यांच्या साह्याने त्यांनी सिद्ध केलेला 'द सिल्मरिलियन' हा ग्रंथ सप्टेंबर १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे पाच भाग आहेत. विश्वाची उत्पत्ती संगीतातून होते, येथून तो सुरू होतो. फेआनोरने घडविलेली तीन रत्ने, मॉर्गथने केलेली त्यांची चोरी, ती परत मिळविण्यासाठी फेआनोर आणि त्याच्या सात पुत्रांनी घेतलेली शपथ आणि त्या शपथेपायी झालेला सर्वनाश हा त्याचा गाभा. न्यूमेनॉर या बेटाचे बुडणे आणि अंगठ्यांची निर्मिती हा भाग शेवटी येतो.

सलग कथा की पाठभेद?

येथेच एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. लेखकाने पूर्ण न केलेला ग्रंथ दुसऱ्याने सलग करून छापावा काय? टॉल्किन यांनी डोरिएथ राज्याच्या विनाशाची सविस्तर हकीकत १९३० नंतर नव्याने लिहिलीच नव्हती. छापील ग्रंथातील ते प्रकरण बऱ्याच अंशी संपादकांनी रचले. गिल-गलाद राजाचा पिता म्हणून फिंगोनचे नाव देण्यात चूक झाली, हेही ख्रिस्तोफर यांनी पुढे मान्य केले. ऑर्क हे भ्रष्ट केलेले एल्फ होत, असे हा ग्रंथ सांगतो. टॉल्किन यांचे मत मात्र उत्तरायुष्यात त्यावर स्थिर नव्हते.

ही उणीव भरून काढण्यासाठी ख्रिस्तोफर यांनी दुसरी वाट धरली. १९८० मधील 'अनफिनिश्ड टेल्स' या ग्रंथात अपूर्ण कथा अपूर्णच छापल्या गेल्या. १९८३ ते १९९६ या काळात 'द हिस्टरी ऑफ मिडल-अर्थ'चे बारा खंड निघाले. त्यात प्रत्येक कथेचे पाठ कालक्रमाने, टिपांसह दिलेले आहेत. वडिलांचे शब्द आणि संपादकाचे शब्द वेगळे ओळखता यावेत, हा त्यामागील आग्रह. सहावा ते नववा हे खंड मुख्यतः 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या घडणीविषयी आहेत. ज्याला वाचक राजा अरॅगॉर्न म्हणून ओळखतात, तो आरंभीच्या मसुद्यांत लाकडी जोडे घालणारा 'ट्रॉटर' नावाचा हॉबिट होता, हे त्यातूनच कळते.

वाचनाचा क्रम

नव्या वाचकाने थेट बारा खंडांना हात घालू नये. मीना किणीकर यांचा 'हॉबिट' आणि मुग्धा कर्णिक यांचा 'स्वामी मुद्रिकांचा' या अनुवादांमुळे मूळ कथा मराठीत उपलब्ध झाल्या आहेत. त्यानंतरची पहिली पायरी म्हणजे कादंबरीची परिशिष्टे. दुसऱ्या युगाची ३४४१ आणि तिसऱ्या युगाची ३०२१ वर्षे तेथे कालपटासह मांडली आहेत. २०२२ मध्ये सुरू झालेली 'द रिंग्ज ऑफ पॉवर' ही मालिकाही प्रामुख्याने याच परिशिष्टांवर बेतलेली आहे.

त्यानंतर 'द सिल्मरिलियन' घ्यावे. पहिल्या पन्नास पानांतील नावांच्या गर्दीने अनेक जण पुस्तक मिटवून ठेवतात. अशांनी बेरेन-लूथिएनचे एकोणिसावे प्रकरण आधी वाचून मग आरंभाकडे वळण्यास हरकत नाही. तूरिन या शापित वीराची शोकांतिका २००७ मधील 'द चिल्ड्रन ऑफ हूरिन' या ग्रंथात सलग वाचता येते. मसुद्यांची गोडी लागल्यावरच बारा खंडांकडे जावे.

ख्रिस्तोफर टॉल्किन यांनी २०१८ मध्ये, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, आपला शेवटचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि हा शेवटचाच, असे त्यात नमूद केले. १६ जानेवारी २०२० रोजी त्यांचे निधन झाले. तो ग्रंथ होता 'द फॉल ऑफ गोंडोलिन'. शंभर वर्षांपूर्वी एका आजारी सैनिकाने लिहिलेली तीच पहिली कथा. टॉल्किन यांनी १९५१ च्या सुमारास ती नव्याने आणि अधिक समर्थपणे लिहावयास घेतली होती. कथानायक तुओर अखेरचे द्वार ओलांडतो, समोर दूरवर शुभ्र नगर दिसते आणि लेखन तेथेच थांबते. त्या नगराच्या पतनाची पूर्ण हकीकत हवी असेल, तर वाचकाला आजही पंचविशीतील टॉल्किनच्या त्या पहिल्या पाठाकडेच परतावे लागते.