यावलची नीळ आणि अनिलीन

खानदेशात सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेला यावल कसबा एके काळी देशी कागद आणि नीळ या दोन जिनसांसाठी नामांकित होता. आणि जवळचेच फैजपूर, जे पुढे १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनामुळे देशभर माहीत झाले, ते त्याआधी गडद निळ्या व तांबड्या रंगकामासाठी ओळखले जाई. गुळीची हिरवी झाडे हौदात भिजत घालावीत, पाणी आंबले की ते घुसळून त्याला हवा द्यावी आणि तळाशी बसलेला गाळ आटवून त्याच्या वड्या पाडाव्यात, अशी नीळ करण्याची रीत होती.

मोगल अमदानीत सुरत-बऱ्हाणपूर हा व्यापारी रस्ता खानदेशातूनच जाई. हिंदुस्थानच्या निळीबरोबर तिचे नावही परदेशी गेले: संस्कृत ‘नीली’ फारसीत ‘नील’ झाली, अरबांनी उपपद जोडून तिला ‘अन्‌-नील’ म्हटले, आणि पोर्तुगीजांनी उपपदासकट उचलून ‘आनिल’ केले. आपल्या ‘अनिल’ म्हणजे वाऱ्याशी या शब्दाचा सुतराम संबंध नाही, हे व्युत्पत्तीच्या हौशी पंडितांस बजावलेले बरे!

१८२६ मध्ये उनफरडॉर्बेन या जर्मन रसायनज्ञाने निळीचे ऊर्ध्वपातन करून जो द्रव मिळवला त्यास त्याने ‘क्रिस्टालिन’ म्हटले, रुंगेने तोच १८३४ मध्ये डांबरातून काढून ‘क्यानोल’ म्हटला, झिनिनने ‘बेंझिडाम’, आणि फ्रिट्‌शेने १८४० च्या सुमारास निळीवर दाहक पोटॅशची क्रिया करून त्यास याच ‘आनिल’वरून ‘अनिलीन’ हे नाव दिले. हे सारे एकच द्रव्य असल्याचे हॉफमनने १८४३ मध्ये सिद्ध केल्यावर पंडिती नावे लोपली आणि बाजारपेठेतून आलेले नाव टिकले, हे मला यथायोग्य वाटते.

ज्या ‘बाडिश’ या जर्मन कंपनीने १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आणली तिच्या नावात ‘अनिलीन’ आहे, आणि ती नीळ ज्या अँथ्रानिलिक आम्लापासून सिद्ध होई त्याच्याही नावात तोच ‘आनिल’ दडलेला आहे. तथापि यावलच्या निळीच्या धंद्याच्या ऱ्हासाचा सारा दोष जर्मनांच्या माथी मारणे मला मान्य नाही. अमेरिकेतील यादवीमुळे १८६१ नंतर कापसाचे भाव कडाडले, त्याच दशकात आगगाडी जळगाव-भुसावळास पोहोचली, आणि कृत्रिम निळीचा जन्म होण्यापूर्वीच खानदेशच्या काळ्या जमिनीचा ओढा कपाशीकडे लागला होता.